टेकडीवरचा शेजार

लिंडेन फोर्क, नेब्रास्का
८ जून १९९८

ती. एमिलदादास,
लिबीचा सा. न. वि. वि.

तुझ्या कानांनी फोनशी काडीमोड घेतल्यापासून मला पुन्हा पत्रांची सवय लावून घ्यावी लागते आहे. गेल्या वेळी मी माझ्या रुडीच्या स्मृतिदिनाच्या प्रार्थनेबद्दल सांगत होते आणि तू मला ॲरिझोनातल्या संत्र्यांचा भाव सांगत होतास. तेव्हा हे कागदावर.

बातमी अशी, की यंदाच्या चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीसाठी गावाने एकता समिती नेमली आहे आणि अध्यक्ष मी आहे. हसू नकोस. मांसाचा कारखाना आल्यापासून गाव किती बदललं, ते तू पाहिलेलं नाहीस. ग्वाटेमालाचे, मेक्सिकोचे, सुदानचे लोक आलेत. जुन्या चित्रपटगृहाच्या जागी एक व्हिएतनामी जोडपं डोनट विकतं, आणि डोनट चांगले असतात. एवढ्या सगळ्यांना आपण एकच आहोत हे कोणीतरी सांगायला हवं होतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. यंदाचं घोषवाक्य मीच सुचवलं: ‘चेहरे अनेक, हृदय एक’. माझ्यासाठी खांद्यावरून कमरेपर्यंत येणारा निळा पट्टाही शिवून घेतला आहे. त्यावर ‘एकता’ असं सोनेरी अक्षरांत आहे.

समितीत हार्डवेअरच्या दुकानाचा गॉटफ्रीड रिंगहॉफ आहे, कारण जर्मन लोकांतलं कोणी न घेतलं तर ते वेगळी मिरवणूक काढतील. आणि शाळेच्या बँडचे मास्तर मिस्टर टॉलिव्हर आहेत. ते ओमाहाहून आलेले, कृष्णवर्णीय, अतिशय सभ्य गृहस्थ. समितीचा फोटो काढताना रिंगहॉफने त्यांना आग्रहाने पुढच्या रांगेत मधोमध बसवलं. ते म्हणाले, की या गावात आल्यापासून फोटोत इतका प्रकाश आपल्यावर पहिल्यांदाच पडतो आहे. मला वाटतं, त्यांना आनंद झाला.

पहिल्या तीन सभा सगळ्यांना आपला वाटेल असा एक पदार्थ ठरवण्यात गेल्या. मी आपले जॅम भरलेले गोड पाव, कोलाचे, म्हटलं. रिंगहॉफ म्हणाला, पाव हा पदार्थ नव्हे, सॉसेज हवं. शेवटी कारखान्याने फुकट हॅम देऊ केली आणि एकता साधली. बक्षिसंही हॅमचीच आहेत.

माझ्या शेजारचे, तुझ्या घरातले भाडेकरू बरे आहेत. आन्सेल्मोने आईच्या पिओनीच्या फुलांच्या वाफ्यात मिरच्या लावल्या, हे तुला कळवलं होतंच. माणूस कष्टाळू आहे, नाही म्हणत नाही. आठवडाभर कारखान्यात आणि रविवारी टेकडीवर आपल्या बोहेमियन लोकांच्या बंधुमंडळाच्या दफनभूमीतलं गवत कापतो. त्याची बायको ओफेलिया हिला मी म्हटलं, की तुमच्याकडचा पारंपरिक पोशाख घालून एकतेच्या चित्ररथावर उभी राहा. ती म्हणाली, तसा पोशाख तिच्याकडे नाही, ती जीन्स घालते. मी म्हटलं, बघ कुठून मिळतो का. आपण यांना जवळ करायला निघालोय आणि हे असे.

प्रकृतीला जप. लोभ आहेच, तो उन्हात सुकू देऊ नकोस.

तुझी,
लिबी


टूसॉन, ॲरिझोना
१३ जून

चि. लिबीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं अध्यक्षपद वाचून मी बराच वेळ एकटाच हसलो. शेजारीण विचारायला आली, तुम्ही बरे आहात ना.

अगं, तुझ्या एकतेच्या रथाला रिंगहॉफ आणि आपण एका जुवाला जुंपलेले बघायला आपले वडील आज हवे होते. पहिल्या महायुद्धात याच रस्त्यावर आपल्या काकाने आणि त्याच्या मित्रांनी गॉटफ्रीडच्या आजोबाला गुडघ्यावर बसवून झेंड्याचं चुंबन घ्यायला लावलं होतं. म्हातारा इंग्रजीत शपथ घ्यायला तयार होता, पण अडचण ही होती, की इंग्रजी आपल्या काकालाही येत नव्हतं. बोहेमियन माणसाने जर्मन माणसाला खुणांनी अमेरिकन केलं. त्या दिवशी काही मिरवणूक नव्हती, तरी सगळं गाव बघायला आलं होतं.

आणि त्या बाईला पोशाख कशाला? तू तरी लाल घागरा आणि भरतकामाची टोपी घालून किराणा आणायला जातेस का?

आन्सेल्मोने मला वाळलेल्या मिरच्या टपालाने पाठवल्या होत्या. एक सूपमध्ये टाकली, तर दोन दिवस ऐकू यायला लागलं. त्याला सांग, वाफा त्याचाच. पिओनी आईलाही फारशा आवडत नव्हत्या. त्या मिसेस रिंगहॉफच्या पिओनींपेक्षा मोठ्या व्हाव्यात एवढंच तिला हवं होतं.

तुझा दादा,
एमिल


लिंडेन फोर्क
२४ जून

ती. एमिलदादास,
सा. न. वि. वि.

वाईट बातमी आहे. आन्सेल्मो सोमवारी गेला. कारखान्यात कामावर उभा असतानाच छातीत कळ आली आणि खाली बसला, तो उठलाच नाही. पंचेचाळिशीही उलटली नव्हती. ओफेलियाला मीच निरोप दिला, कारण कारखान्याचा माणूस चुकून माझ्या दारात आला होता. ती कपडे वाळत घालत होती. हातातला शर्ट तिने नीट झटकला, चिमटे लावले आणि मग खाली बसली. कारखान्याने एक हॅम आणि ‘आमच्या कुटुंबातील एक सदस्य’ असं छापलेलं कार्ड पाठवलं. नाव हाताने लिहिलं होतं, त्यात एक अक्षर चुकलं.

मी लगेच कोलाचे घेऊन गेले. तिची मुलगी यादिरा सोळा वर्षांची आहे, इंग्रजी आपल्यासारखंच बोलते. तिच्यामार्फत ओफेलियाने मला विचारलं, की आन्सेल्मोला टेकडीवर जागा मिळेल का. त्याला ती टेकडी आवडायची म्हणे. ओफेलियाला गाडी चालवता येत नाही, गावची जुनी दफनभूमी केव्हाच भरली, आणि कॅथलिक दफनभूमी पार काउंटीच्या मुख्य गावाला, चाळीस मैलांवर.

आता मी काय सांगणार होते? बंधुमंडळाच्या दफनभूमीचा नियम तुला ठाऊक आहे: सभासद आणि त्यांचे रक्ताचे किंवा लग्नाचे नातेवाईक. मी मंडळाची चिटणीस आहे. माझ्याच दिवाणखान्यात सभा झाली, मीच नियम वाचून दाखवला. सगळ्यांना वाईट वाटलं. इतकं वाईट वाटलं, की दोनदा कॉफी करावी लागली. पण एकदा दार उघडलं की कुठे थांबायचं, असं म्हाताऱ्या स्टानेकने विचारलं, आणि मी वहीत नकार लिहिला. मी रिंगहॉफलाही विचारून पाहिलं. त्यांच्या लुथरन दफनभूमीत अर्धं मैदान रिकामं पडलंय. तो म्हणाला, माणूस लुथरन असता तर आनंदाने. मी ओफेलियाला समजावलं, की काउंटीच्या गावची जागाही छान आहे, झाडं आहेत. तिने मान हलवली. यादिराने मात्र माझ्याकडे असं पाहिलं, की माझा पट्टा घरी होता हे बरंच झालं.

अंत्यविधी चार जुलैला आहे. हो, चारलाच. त्याचे दोन्ही भाऊ आयोवात आणि कॅन्ससमध्ये अशाच कारखान्यांत आहेत, आणि ते कारखाने उन्हाळ्यात त्याच दिवशी बंद असतात. मी सुचवलं, की एक दिवस मागेपुढे करा. ते जमणार नाही म्हणाले.

तुझ्या घराच्या भाड्याचं नंतर बघू, आत्ता विषय काढू नकोस.

तुझी,
लिबी


टूसॉन
२७ जून, तातडीच्या टपालाने

चि. लिबीस,
आशीर्वाद.

भाड्याचा विषय मी काढलेला नाही, तूच काढलास.

नियम तू वाचून दाखवलास, पण अर्धाच. तो लिहिला तेव्हा चिटणीस मी होतो. पुढे असंही आहे, की ज्याच्या नावे जागा आहे, तो ती स्वतःच्या सहीने कोणालाही देऊ शकतो. हे आपण म्हाताऱ्या स्टानेकच्या वडिलांसाठी घातलं होतं. त्यांना त्यांची जागा बायकोला आड येऊ न देता दुसऱ्या बाईला द्यायची होती.

माझी जागा मी आन्सेल्मो इश्कॉय याला दिली आहे. वकिलासमोर सही केली, कागद थेट ओफेलियाला पाठवला, नक्कल सोबत आहे. माझं मी इथे बघेन. या वाळवंटात माणूस मेल्यावर आपोआपच वाळतो.

आता तू म्हणशील, दादाने आम्हाला तोंडघशी पाडलं. म्हणून एक गोष्ट सांगतो. तुला ती अर्धीच माहीत आहे, कारण वडील ती फक्त प्यायल्यावर सांगायचे आणि तेव्हा तुला झोपायला पाठवायचे. आजोबांची पहिली मुलगी आनेश्का अमेरिकेत आल्या वर्षीच घटसर्पाने गेली. आजोबा तिला गावच्या दफनभूमीत घेऊन गेले. ज्यांच्या नावाचे आज आपल्याकडे रस्ते आहेत, ते लोक फाटकात उभे होते. ते उद्धट नव्हते. त्यांनी टोप्या काढल्या, फार वाईट वाटतं म्हणाले, आणि सांगितलं, की ही जागा इथल्या लोकांसाठी आहे. बोहेमियन लोक बिअर पितात, देव मानत नाहीत आणि इंग्रजी बोलत नाहीत. आजोबांना यातलं काहीच कळलं नाही, खरंच इंग्रजी येत नव्हतं. त्यांना वाटलं, फाटकाची किल्ली सापडत नसावी. म्हणून ते पेटी खांद्यावर घेऊन दुपारपर्यंत तिथेच उभे राहिले.

आनेश्काला मक्याच्या शेताच्या कडेला पुरलं. मग बोहेमियन लोकांनी मिळून जिच्यावर नांगर चालत नव्हता, अशी ती टेकडी घेतली. तुझ्या दिवाणखान्यात परवा जे सगळे बसले होते ना, ते सगळे त्या फाटकाबाहेरचे आहेत.

तुझा दादा,
एमिल


लिंडेन फोर्क
३० जून

एमिलदादास,
नमस्कार.

आनेश्काची गोष्ट वाचून मला वाईट वाटलं. पण आपल्या लोकांनी जागा विकत घेतली, कोणाकडे मागितली नाही. फरक आहे.

आणि तू तुझी जागा देताना ती कुठे आहे, याचा एकदा तरी विचार केलास का? माझ्या डावीकडे रुडी आहे. उजवीकडे तू येणार होतास. माझं नाव दगडावर कोरून तयार आहे, फक्त शेवटचं वर्ष राहिलंय. म्हणजे आता मी जगाच्या अंतापर्यंत एका परक्या पुरुषाच्या शेजारी पडून राहायचं? रुडी काय म्हणेल? स्टानेक आत्ताच काय म्हणतोय, ते विचारू नकोस. दुकानात मला बघून त्याने विचारलं, की लिबी, आता स्पॅनिश शिकणार का. सगळे हसले. मी एकता समितीची अध्यक्ष आहे, म्हणून मलाही हसावं लागलं.

ओफेलियाने कागद मला आणून दाखवला. अगदी शांतपणे. हे खरं आहे ना, एवढंच यादिरामार्फत विचारलं. मी म्हटलं, सही माझ्या भावाचीच आहे, इतकी वाईट सही दुसऱ्या कोणाची असूच शकत नाही.

अजून एक. पाद्रीबाबांना त्या दिवशी अकराचीच वेळ जमते. आमची मिरवणूकही अकराला. टेकडीकडे जायला मुख्य रस्त्याशिवाय वाट नाही, मागच्या रस्त्यावर सगळे ट्रॅक्टर लागणार. मी शेरीफला सांगितलंय, की शववाहिका मिरवणूक संपेपर्यंत पेट्रोलपंपापाशी थांबव. त्यांना सावलीही मिळेल.

लिबी


टूसॉन
२ जुलै, तातडीच्या टपालाने

चि. लिबीस,

परका पुरुष कसला? त्याने किती हिवाळे तुझ्या दारातला बर्फ उपसला. रुडीने एकदाही उपसला नाही, तो पाठीचं नाव सांगून आत बसायचा. आन्सेल्मो तिथे तुला काय त्रास देणार आहे, रेडिओ लावणार आहे?

मला तुझ्या शेजारी झोपायची भीती वाटत होती, हे आता सांगून टाकतो. तू झोपेतही बोलतेस.

सावलीची सोय केलीस हे चांगलं केलंस. आजोबांना ती मिळाली नव्हती.

एमिल


लिंडेन फोर्क
६ जुलै

ती. एमिलदादास,
सा. न. वि. वि.

काल तीन कागद फाडले, म्हणून आज लिहिते आहे.

मिरवणूक वेळेवर निघाली. मी बँकेसमोरच्या व्यासपीठावर, पट्टा घालून, परीक्षकांच्या शेजारी. रिंगहॉफ ध्वनिक्षेपकावर नावं वाचत होता. पहिले आमचे माजी सैनिक गेले. मग कारखान्याचा चित्ररथ आला: ‘आम्ही एक कुटुंब’. त्यावर साहेबांच्या बायकामुलांनी कामगारांचे पांढरे डगले घातले होते आणि ते लोकांकडे सॉसेजची पाकिटं फेकत होते. गाणं जोरात चाललं होतं. आणि त्या रथाच्या मागे, दादा, शववाहिका आली.

शेरीफने नाक्यावर दुसऱ्या काउंटीतला एक नवा पोलीस उभा केला होता. त्याला कोणी काही नीट सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं, हाही देखावाच आहे. त्याने हात दाखवून त्यांना रांगेत घातलं, आणि वर घाई करा म्हणून शिटी वाजवली.

शववाहिकेमागे ओफेलिया आणि यादिरा चालत होत्या, मग ते दोघे भाऊ, पांढऱ्याशुभ्र शर्टांत, हातात कागदी फुलांचं मोठं चक्र, आणि मागे कारखान्यातली पन्नासेक माणसं. ओफेलियाने तो पोशाख घातला होता. भरतकामाचा, निळा आणि लाल. तिच्या मोठ्या जावेने आणला होता, असं नंतर कळलं. रिंगहॉफने कागद चाळला, त्यावर काही नव्हतं, तेव्हा तो म्हणाला, आता येत आहे आपल्या नव्या बांधवांचा देखावा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अगदी मनापासून. काहीजण उभे राहिले. कोणीतरी ओफेलियाला झेंडा दिला आणि तिने तो घेतला, कारण हातात दिलेली वस्तू ती कधीच टाकत नाही.

मला माहीत होतं. त्या सगळ्या व्यासपीठावर फक्त मला माहीत होतं. उठावं, ओरडावं, रिंगहॉफच्या हातातला ध्वनिक्षेपक हिसकावून घ्यावा, हे सगळं मनात आलं. आणि मी काय केलं सांगू? मी हात हलवला. प्रत्येक रथाला हलवत होते, तसाच. ओफेलियाने वर माझ्याकडे पाहिलं, तेव्हाही तो हलतच होता.

त्यांच्या मागे शाळेचा बँड होता. टॉलिव्हर मास्तरांच्या तेवढ्यात लक्षात आलं. त्यांनी सगळी वाद्यं थांबवली, टोपी काढून काखेत धरली आणि एकट्या ढोलाला संथ चाल दिली. तेव्हा लोकांना रडू आलं. माझ्या शेजारच्या परीक्षक बाई रुमाल काढून म्हणाल्या, काय सुंदर बसवलंय.

मी व्यासपीठावरून उतरले. कोणी विचारलं तर सांगायला कारण होतं: दफनाच्या वेळी चिटणिसाने हजर राहायचा नियम आहे. टेकडीवर सगळ्यांच्या मागे उभी राहिले. पट्टा काढायचा राहिलाच होता. माझी टाच मऊ मातीत रुतली, तेव्हा ओफेलियानेच हात देऊन मला बाहेर काढलं. नवी माती माझ्या दगडाला लागून आहे, अगदी माझ्या नावावर थोडी सांडली आहे.

संध्याकाळी निकाल. पहिलं बक्षीस कारखान्याला. दुसरं रिंगहॉफच्या ट्रॅक्टरांना. तिसरं ‘नव्या बांधवांच्या हृदयस्पर्शी देखाव्याला’. मी समितीला खरं काय ते सांगितलं. मग रिंगहॉफ म्हणाला, आता बक्षीस परत घेतलं तर त्या लोकांचा अपमान होईल. सगळ्यांना ते पटलं. पोचवायचं काम अध्यक्षांकडे आलं.

ती फीत आणि हॅम घेऊन मी तुझ्या घराच्या पायऱ्या चढले. दादा, ते अंतर मला कधी इतकं लांब वाटलं नव्हतं. घर पाहुण्यांनी भरलेलं. मला बसवलं, जेवायला वाढलं. हे कशाबद्दल, असं यादिराने विचारलं आणि मी सांगितलं. तिने आईला ते सांगायला बराच वेळ लावला. मला वाटलं, ओफेलिया मला बाहेर काढेल. तिने फक्त विचारलं, पहिलं कोणाला मिळालं. मी म्हटलं, कारखान्याला, तुमच्या पुढे जो रथ होता त्यांना. तिने फितीची घडी करून ती टेबलावर ठेवली. मग जे म्हणाली, ते यादिराने मला शब्दशः सांगितलं:

“गेल्यावरसुद्धा त्याला त्यांच्याच मागे चालायला लावलंत.”

चालायला लावलंत, असं म्हणाली. लावलं, असं नाही. मी यादिराला पुन्हा विचारून घेतलं.

तुझी,
लिबी


टूसॉन
११ जुलै

चि. लिबीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. या वेळी चेष्टा सुचत नाही, म्हणून थोडंच लिहितो.

हलवलेला हात परत घेता येत नाही. पण तू खाली उतरलीस. नियमाचं नाव सांगून का होईना, उतरलीस. आपल्या घराण्यात चांगलं काम नियमाच्या आड लपूनच करायची रीत आहे. मीही वकिलामागे लपलो, स्वतः येऊन तिच्यासमोर उभा राहिलो नाही.

ओफेलियाला सांग, घरात हवं तोवर राहा. वाफ्याला पाणी तू घालत जा, तिला काही दिवस सुचणार नाही.

तुझा दादा,
एमिल


लिंडेन फोर्क
२१ जुलै

ती. एमिलदादास,
लिबीचा सा. न. वि. वि.

पाणी घालते आहे. ओफेलिया म्हणते, मी फार घालते. आता ती माझ्या खिडकीवर टकटक करून मला नळ बंद करायला लावते.

तुझ्या कागदाने गावात काय घडवलं, ते ऐक. काल संध्याकाळी बंधुमंडळाच्या सभागृहात बोहेमियन आणि लुथरन, दोन्ही दफनभूमींच्या मंडळांची एकत्र सभा झाली. अशी सभा यापूर्वी कधीच झाली नव्हती. म्हाताऱ्या स्टानेकने रिंगहॉफसाठी खुर्ची ओढली. रिंगहॉफने स्टानेकच्या कोलाचेंची तारीफ केली आणि दुसरा मागून घेतला. एकमेकांच्या आजोबांची नावं निघाली, आणि दोघंही किती कष्टाळू होते, यावर मतैक्य झालं. बाजूला बसून बघताना मला वाटलं, बाबा असते तर त्यांनी डोळे चोळले असते.

ठराव असा होता, की यापुढे दोन्ही ठिकाणची जागा कोणालाही सहीने दुसऱ्याला देता येणार नाही. फक्त ‘संस्थापक घराण्यांच्या’ वंशजांनाच मिळेल. लुथरन माणसाला आमच्याकडे आणि आमच्या माणसाला त्यांच्याकडे जागा द्यायचीही तयारी दोघांनी दाखवली. फाटक तेवढं बाकीच्यांसाठी बंद. आन्सेल्मोला हलवणार नाहीत. एवढा मोठेपणा आपल्यात आहे, असं स्टानेक म्हणाला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी उठून आनेश्काची गोष्ट सांगितली. पेटी, फाटक, किल्ली, सगळी. शांतपणे ऐकून घेतली. एक-दोघींचे डोळेही भरले. मग रिंगहॉफ म्हणाला, की फार चांगली गोष्ट आहे, पुढच्या वर्षी याचा चित्ररथ करू या.

मतदान हात वर करून झालं. रिंगहॉफने ‘एकमताने मंजूर’ असं जाहीर केलं. मी म्हटलं, गॉटफ्रीड, माझा हात विरोधात आहे. त्याने चष्मा पुसून पाहिलं, वहीत खाडाखोड केली आणि गावच्या साप्ताहिकाला बातमी दिली. आज ती पहिल्या पानावर आहे: लिंडेन फोर्कच्या इतिहासात प्रथमच दोन्ही समाजांनी जवळजवळ एकमताने निर्णय घेतला.

ते ‘जवळजवळ’ म्हणजे मी.

मला अंतर देऊ नकोस.

तुझी,
लिबी